कोरणाऱ्याचे नाव

इतिहासाचा मास्तर ताम्रपट शिकवतो तेव्हा दान देणाऱ्या राजाचे नाव सांगतो, घेणाऱ्याचे गोत्र सांगतो, गावाच्या चतुःसीमा सांगतो आणि शक सांगून पुस्तक मिटतो. पत्र्याच्या अगदी तळाशी, मजकूर संपल्यावर, पुष्कळदा आणखी एक नाव असते. ते कोरणाऱ्याचे. कोणी सोनार, कोणी कासार ‘उत्कीर्णम्’ म्हणून आपले नाव टाकतो आणि पत्रा हातावेगळा करतो. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येत नाही. राजाची आज्ञा मात्र हजार वर्षांनी आपल्याला वाचायला मिळते ती ह्याच्याच छिन्नीतून.

ग्रामोफोनच्या तबकडीलाही असा तळ असतो. गाणे संपते तिथून मधल्या कागदी चकतीपर्यंत बोटभर रुंदीची एक गुळगुळीत पट्टी राहते. तिच्यावर उजेड तिरपा पाडला की काही अक्षरे दिसू लागतात. कंपनीचा क्रमांक, एखादे चिन्ह, कधी हाताने खरवडलेले एखादे वाक्य. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातून १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे ज्या नृत्यसंगीताच्या तबकड्या निघाल्या त्यांतल्या कितीतरींवर ह्या जागी ‘एनएससी’ ही तीन अक्षरे सापडतात. नॅशनल साउंड कॉर्पोरेशन हे त्यांचे पूर्ण रूप, आणि ती खरवडणाऱ्या माणसाचे नाव रॉन मर्फी. जगभर ‘टेक्नो’ ह्या नावाने जे संगीत ओळखले जाते त्याच्या इतिहासात ह्या माणसाचे नाव संग्राहकांखेरीज फारसे कोणी घेत नाही. ते घ्यावे म्हणून हा लेख.

टेक्नो म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. त्यात बहुधा गायक नसतो, शब्द नसतात. यंत्राने दिलेला चार मात्रांचा सारखा ठोका, त्याखाली घुमणारा खर्ज, वर झांजेसारखा सळसळणारा आवाज, आणि ह्या सगळ्यांतून हळूहळू उगवणारी आणि मावळणारी एखादी स्वरांची आकृती. आमच्या शाळेतले संगीतशिक्षक त्याला ‘गिरणीचा आवाज’ म्हणतात. ते हे निंदेने म्हणतात. पण इतिहास म्हणून पाहिले तर ते फारसे चुकलेले नाहीत.

कारण डेट्रॉइट हे गिरण्यांचे नव्हे, पण मोटारींच्या कारखान्यांचे शहर. हेन्री फोर्डने १९१३ साली फिरत्या पट्ट्यावर मोटारी जोडायला सुरुवात केली ती त्याला लागूनच असलेल्या हायलँड पार्कात. १९५० साली शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात होती. २०२०च्या शिरगणतीत ती ६ लाख ३९ हजार भरली. मधल्या काळात १९६७ची दंगल झाली, कारखाने हलले, ज्यांना जाणे शक्य होते ते उपनगरांत गेले. आपल्याकडे गिरणगावाचे जे झाले ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे अधिक सांगायला नको. शहराचे गाणेसुद्धा गेले. बेरी गॉर्डी नावाचा तरुण एके काळी मोटारीच्या कारखान्यात जोडणीच्या पट्ट्यावर काम करी. त्याने १९५९ साली स्थापलेल्या मोटाऊन कंपनीने कृष्णवर्णीयांचे गाणे साऱ्या जगाच्या ओठांवर नेऊन बसवले. आणि १९७२ साली तीही लॉस एंजल्सला निघून गेली.

कंपनी गेली, पण कसब मागे राहिले. जुन्या तबकड्या राहिल्या, त्या कशा घडवतात हे ठाऊक असणारी थोडी माणसे राहिली, आणि तबकड्या छापण्याचा आर्चर नावाच्या कुटुंबाचा १९६५ साली सुरू झालेला छोटा कारखाना राहिला. पुढची सगळी हकीकत ह्या उरल्यासुरल्या भांडवलावर घडली आहे.

शहराजवळच्या बेलव्हिल गावच्या शाळेत हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन ही तीन कृष्णवर्णीय मुले शिकत होती. रात्री रेडिओवर ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ असे नाव घेतलेला निवेदक जर्मनीच्या क्राफ्टवेर्कपासून प्रिन्सपर्यंत मनाला येईल ते लावी. ही मुले ते जागून ऐकत. अॅटकिन्सने शाळेत भविष्यकाळाचा अभ्यास असा एक विषय घेतला होता आणि आल्व्हिन टॉफ्लरची पुस्तके वाचली होती. ‘टेक्नो’ हा शब्द त्याला तिथून सुचला. (शाळेत असा विषय असतो हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक खाली ठेवले. आमच्याकडे भूतकाळ शिकवायलाच आठवड्याला मोजक्या तासिका मिळतात.) १९८१ साली रिक डेव्हिसबरोबर सायबोट्रॉन ह्या नावाने त्याने पहिली तबकडी काढली, १९८५ साली स्वतःची मेट्रोप्लेक्स कंपनी काढली. कंपनी म्हणजे एक खोली, एक टेलिफोन आणि खोक्यांचा ढीग. मेने ट्रान्समॅट काढली, सॉन्डरसनने केएमएस. तिघांचीही बिऱ्हाडे ग्रॅशियट रस्त्यावर जवळजवळ होती. मेची ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ १९८७ची, आणि इंग्लंडमध्ये ‘टेक्नो’ हे नाव शीर्षकात घेऊन ह्या मंडळींचा संग्रह निघाला तो १९८८ साली. त्यांची वाद्ये म्हणजे रोलँड ह्या जपानी कंपनीची ठोक्याची यंत्रे. ८०८ क्रमांकाचे यंत्र १९८० ते १९८३ ह्या काळात निघाले. त्याचा आवाज खऱ्या तबल्या-ढोलासारखा नाही म्हणून धंद्याच्या लोकांनी नाके मुरडली, आणि ती यंत्रे जुन्या बाजारात स्वस्त झाली. गरिबाच्या घरी जी वाद्ये आली ती अशी, श्रीमंतांनी टाकून दिलेली.

आता प्रश्न असा की ज्यांना भविष्यकाळाचे एवढे वेड, त्यांनी आपले संगीत तबकडीसारख्या आजोबांच्या काळच्या वस्तूवर का घातले? कॅसेट होती, १९८२पासून सीडीही होती. उत्तर अगदी व्यावहारिक आहे. नाचाच्या जागी संगीत लावणारा माणूस दोन फिरत्या थाळ्यांवर दोन तबकड्या ठेवतो, एक संपण्याआधी दुसरीचा ठोका पहिलीच्या ठोक्यात मिळवून देतो, आणि हे सारे बोटांनी तबकडी थोपवून, ढकलून करतो. त्या काळी ते काम तबकडीवाचून नीट होतच नव्हते.

त्यासाठीची बारा इंची, एकाच गाण्याची तबकडी ही न्यूयॉर्कची देणगी, आणि ती निव्वळ अडचणीतून जन्मली. टॉम मोल्टन ह्या ध्वनिमिश्रकाने सांगितलेली हकीकत अशी की १९७०च्या दशकाच्या मध्यास तो एक गाणे नमुन्यासाठी कोरून घ्यायला गेला तेव्हा होझे रॉड्रिगेझ ह्या कोरणाऱ्याकडे सात इंची कोरी चकती शिल्लक नव्हती. मोठ्या चकतीवर ते चार बोटांच्या जागेत मावले. उरलेली जागा ओकीबोकी दिसू लागली. मग चऱ्या ऐसपैस पसरल्या, आवाज वाढवला, आणि ऐकतात तो खर्ज असा काही घुमला की दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. त्यातून बारा इंचीची चाल पडली. ह्याही गोष्टीत मोल्टनचे नाव सर्वांना ठाऊक असते. रॉड्रिगेझचे सांगावे लागते.

ह्या कोरण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, पदार्थविज्ञानाचा अधिकारी नव्हे. पण ही विद्या लेथवर काम करणाऱ्या कातारीला दोन वाक्यांत कळेल अशी आहे.

आरशासारख्या सपाट अॅल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा थर दिलेला असतो. बारा इंची तबकडीसाठी ही चकती चौदा इंची घेतात, म्हणजे हाताळायला काठ मिळतो. ती यंत्रावर फिरू लागली की वरून माणकाची किंवा नीलमण्याची बारीक सुई उतरते. सुईभोवती तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज जाऊन सुई तापते आणि लॅकर लोण्यासारखे कापत जाते. केसासारखा काळा कीस निघतो तो शेजारची नळी ओढून घेते. तो साठू देऊन चालत नाही, कारण नायट्रोसेल्युलोज हे बंदुकीच्या कापसाचे भावंड. ठिणगी पडली की भडकते. कोरणारा शेजारच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चरी पाहत असतो. तिची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला वीस मिनिटांचे संगीत असेल तर चरीचे सुमारे ६६७ फेरे होतात, आणि ती उलगडून सरळ केली तर ४३० मीटरांच्या आसपास भरते. हे गणित मी एकदा वर्गात घातले होते. एका मुलाने विचारले, “सर, मग सुई रोज आमच्या घरापासून शाळेपर्यंत चालते?” त्याचे घर तेवढ्याच अंतरावर आहे.

ह्या चरीत आवाजाची नागमोड असते. खर्ज जेवढा जाड तेवढे वळण मोठे आणि जागा अधिक खाणारे. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वरचे स्वर उचलतात, आणि ऐकणाऱ्याच्या यंत्रात ते उलटे करून घेतात. ह्या कमीजास्तीचे प्रमाण अमेरिकेत १९५४ साली ठरले. दोन बाजूंच्या आवाजासाठी चरीच्या दोन भिंती वापरतात. दोन्हीकडचा खर्ज एकमेकांच्या उलट्या दिशेने हलू लागला तर चरी कधी खोल, कधी उथळ होते आणि ऐकणाऱ्याची सुई उडून बाहेर पडते. तेव्हा कोरणाऱ्याने खर्ज मध्यावर आणून ठेवला पाहिजे. आणखी एक अडचण आहे. तबकडीच्या फेऱ्यांची गती सारखी असली तरी बाहेरच्या काठाशी सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर चरी जाते आणि आत पोचेपर्यंत ती २१वर येते. तेवढ्याच काळाचा आवाज अर्ध्याहून कमी जागेत कोंबावा लागतो, म्हणून झांजेचा आवाज आत-आत फाटू लागतो. मोठा आवाज हवा तर वेळ कमी करा. वेळ हवा तर आवाज लहान करा. दोन्ही हवे असेल तर दुसरी तबकडी घ्या. तासिका आणि अभ्यासक्रम ह्यांचे भांडण ज्याने मिटवले आहे त्याला ही ओढाताण लगेच उमगेल.

कोरून झाले की लॅकरला हात लावत नाहीत. त्यावर चांदीचा पातळ थर देतात, मग निकेलचा मुलामा चढवून तो सोलून काढतात. हा झाला उलटा ठसा. त्याला बाप म्हणतात. बापापासून आई होते, आणि आईपासून छापण्याचे साचे. मग आर्चरसारख्या कारखान्यात तापलेल्या व्हिनाइलचा गोळा दोन साच्यांमध्ये दाबला की तबकडी तयार. पण जे काही बिघडायचे किंवा साधायचे ते पहिल्या कोरण्यातच. तिथे एकदा सुई उतरली की मागे येणे नाही. चूक झाली तर चकती फेकून नवी घ्यायची.

रॉन मर्फी हे काम करी. तो वयाने ह्या टेक्नोच्या मुलांहून बराच मोठा होता, आणि त्याचे स्वतःचे प्रेम मोटाऊनच्या आणि त्या जमान्यातल्या जुन्या तबकड्यांवर होते. त्या कशा कोरल्या आहेत म्हणून त्या इतक्या खणखणीत वाजतात, हा त्याच्या जन्माचा शोध. आणि त्याच्या दारात आले कोण, तर झोपायच्या खोलीत जुन्या यंत्रांवर संगीत जुळवून त्याची टेप काखोटीला मारून आलेले तरुण. त्यांना शब्द नको होते, गायक नको होता. एखाद्या जुन्या घराण्याच्या बुजुर्गाने अशा मुलांना बाहेरचा रस्ता दाखवला असता. मर्फीने त्यांचा खर्ज सावरला, झांज आवरली, आणि मोटाऊनच्या तबकडीला जो मान दिला असता तोच मान देऊन त्यांचे काम कोरले. मेट्रोप्लेक्स, ट्रान्समॅट, माइक बँक्स आणि जेफ मिल्स ह्यांची अंडरग्राउंड रेझिस्टन्स, मिल्सची पुढे १९९२ साली निघालेली अॅक्सिस, ह्या सर्वांच्या तबकड्यांवर त्याची अक्षरे आहेत. अंडरग्राउंड रेझिस्टन्सच्या मंडळींनी चेहरे झाकून घेतले होते, छायाचित्रे नाकारली होती. ज्या तबकडीवर वाजवणाऱ्याचा चेहरा नाही तिच्यावर कोरणाऱ्याचे हस्ताक्षर आहे, हा योग मला मोठा विलक्षण वाटतो.

मर्फीच्या हातून तबकडीचे जे चमत्कार झाले त्यांत बंद चरीचा चमत्कार मला सर्वांत मोठा वाटतो. एरवी चरी गोगलगायीच्या शंखासारखी बाहेरून आत वळत जाते. बंद चरी आपल्याच शेपटीला येऊन मिळते. सुई तिच्यात पडली की उचलेपर्यंत तेच वाजत राहते. ही युक्ती नवी नव्हे. पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफरने १९४८ साली बंद चऱ्यांवर आवाजांचे प्रयोग केले होते. पण शेफरला आवाज हवा होता, ह्यांना ताल हवा होता, आणि ताल हवा असला की हिशेब बसावा लागतो. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे करते. एका फेऱ्यात चार ठोके बसवायचे तर मिनिटाला बरोबर १३३⅓ ठोक्यांची लय हवी. तसूभर इकडेतिकडे झाले तर सांध्यावर ठेच लागणार. एक फेरा म्हणजे एक आवर्तन, आणि सांधा म्हणजे सम! आपल्याकडचा तबलजी समेवर येतो तो कानाने. इथे सम सुईच्या टोकाने लोखंडी यंत्रावर गाठायची आहे. जेफ मिल्सच्या १९९४च्या ‘सायकल ३०’ ह्या तबकडीवर अशा बंद चऱ्या ओळीने बसवल्या आहेत. त्याआधी १९९२ साली मिल्स, बँक्स आणि रॉबर्ट हूड ह्यांनी शनीच्या कड्यांवर एक कृती केली, तीत तबकडीवरच्या चऱ्यांचे पट्टे आणि शनीची कडी ह्यांची सांगड घातलेली आहे. आतून बाहेर वाजत जाणाऱ्या तबकड्याही मर्फीने कोरल्या. ठोका यंत्राचा खरा, पण हे सारे बसवणारा हात माणसाचा होता, आणि आमच्या संगीतशिक्षकांशी माझा वाद असतो तो एवढ्यापुरताच.

माझ्याकडे ह्या शहराच्या एकोणतीस तबकड्या आहेत. मास्तराच्या पगारात एवढ्या जमायचे कारण म्हणजे माझा एक जुना विद्यार्थी मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. पहिली तबकडी आणून देताना तो म्हणाला, “सर, ह्यात गाणं नाही, नुसता ठोका आहे. पण तुम्हांला आवडेल.” युरोपातल्या बंदरांत तो जुन्या तबकड्यांच्या दुकानांत जातो आणि मी दिलेल्या चिठ्ठीप्रमाणे आधी ती मधली पट्टी पाहतो. चिठ्ठीत युरोपातली बंदरे यायचे कारणही इतिहासाचेच. भिंत पडल्यावर बर्लिनमध्ये एका जुन्या दुकानाच्या तळघरातल्या तिजोरीखोलीत १९९१ साली ट्रेझोर नावाची नाचाची जागा निघाली आणि डेट्रॉइटच्या ह्या मंडळींना मायदेशापेक्षा तिथे अधिक मान मिळाला. पुढे १९९५ साली त्या गावाने कोरण्याचे स्वतःचे घरही उभारले. डेट्रॉइटमध्ये थोड्या प्रतींत निघालेली तबकडी आज हॅम्बुर्गच्या खोक्यात सापडते ती त्यामुळे.

संग्राहक हा प्राणी थोडा हास्यास्पद असतो हे मला मान्य आहे. एकाच तबकडीची पहिली छपाई आणि तिसरी छपाई ह्यांत तो जो भेद मानतो तो पाहून घरच्यांची करमणूक होते. कधी न वाजवता तबकडी प्लॅस्टिकमध्ये बंद करून भाव वाढायची वाट पाहणारे तर मला सावकारच वाटतात. पण ही मंडळी नसती तर ह्या संगीताचा इतिहास लिहायला कागदपत्रच उरले नसते. त्या छोट्या कंपन्यांनी ना दप्तरे ठेवली ना वह्या. कोणती तबकडी कधी, कोणी, कुठे कोरली ह्याचा पुरावा म्हणजे ती तबकडी. २००० साली डिस्कॉग्ज ही तबकड्यांची मोठी सूची अमेरिकेत सुरू झाली तीही आरंभी केवळ ह्या विजेवरच्या संगीतासाठी. तिच्यात मधल्या पट्टीवरची अक्षरे जशीच्या तशी उतरवून घेतात. शिलालेखाचा छाप घ्यावा तशी. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ह्या संस्थेच्या मंडळींनी आपल्या जुन्या गायकांच्या बाबतीत हेच केले. चकतीवरचा क्रमांक वाचून कोणते गाणे केव्हा ध्वनिमुद्रित झाले हे ठरवायचे, ही विद्या तीच.

आणि तबकडीशी आपले नाते काही आजचे नव्हे. व्हिनाइल येण्यापूर्वीच्या बहुतेक तबकड्या लाखेच्या, आणि जगाची बहुतेक लाख हिंदुस्थानातून जाई. छोटा नागपूरच्या रानांत पळस, कुसुंब, बोर ह्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांनी ती केलेली. बांगडीवाल्याच्या दुकानातली लाख आणि कारुसोच्या तबकडीतली लाख एकाच रानची. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजानचे गाणे घेऊन गेला, त्याच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून पुन्हा इकडे आल्या. लाख आपली, गळा आपला. मधले कोरणे तेवढे परक्याचे.

मुंबईने ह्याच रोलँड यंत्रांवर काय केले ते इथेच सांगतो. चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी परदेशाहून ही यंत्रे आणली. १९८२ साली त्यांनी दहा रागांची एक तबकडी काढली. ललत, मधुवंती, मालकंस असे राग, आणि खाली ८०८चा ठोका व टीबी-३०३ ह्या खर्जाच्या यंत्राची सरपटणारी पट्टी. ३०३चा तसला आवाज शिकागोच्या तरुणांनी १९८७ साली तबकडीवर आणला आणि त्यातून तिकडे एक नवी शैलीच निघाली. मुंबईची तबकडी त्याच्या पाच वर्षे आधीची. शिकागोला किंवा डेट्रॉइटला ती ठाऊक होती असे मात्र कोणी म्हणू नये. आमच्याकडे सगळे आधीच होते असे म्हणण्याची आपली सवय वाईट. खुद्द मुंबईलाच ती ठाऊक नव्हती. ती खपली नाही, विसरली गेली; आणि एडो बाउमन ह्या डच संग्राहकाच्या हाती लागून २०१० साली पुन्हा निघाली तेव्हा लोक थक्क झाले. चरणजित सिंग २०१५ साली वारले. त्याआधी त्यांना परदेशांत जाऊन ती वाजवायला मिळाली. ती तबकडी आपल्याकडे कोणी कोरली, हे तिच्यावर छापलेल्या श्रेयनामावलीत शोधून पाहावे.

केसरबाई केरकरांचे एक गाणे तर सूर्यमालेबाहेर गेले आहे. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या आहेत, त्यांत गोव्याच्या ह्या गायिकेची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. कार्ल सेगनने ही योजना केली हे सर्वांना ठाऊक आहे. पण तीही तबकडीच; तिच्यासाठी कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी जेव्हीसी कंपनीच्या कोरण्याच्या खोलीत लॅकर कोरले गेले, आणि कॅलिफोर्नियात गार्डेना येथे त्यावरून धातूचे ठसे घेतले. ते यान जोवर आहे तोवर त्या खोलीतल्या सुईची वळणे आहेत.

रॉन मर्फी २००८च्या जानेवारीत वारला. तोवर नाचाच्या जागी संगणक आले होते. तबकडी आता संपली असे जाणते लोक म्हणत होते, आणि ते खोटे ठरले. तिची मागणी पुन्हा वाढली. पण मागणी वाढली म्हणून कोरणारे हात वाढत नाहीत. न्यूमन ह्या जर्मन कंपनीने कोरण्याची यंत्रे बनवणे केव्हाच सोडले. जी आहेत ती जुनी आहेत आणि एकाचे सुटे भाग काढून दुसऱ्याला लावीत चालतात. ते चालवायला शिकायचे तर एखाद्या जुन्या माणसाच्या शेजारी वर्षानुवर्षे बसावे लागते. सुईवर किती वीज सोडावी, झांज कुठे फाटेल, हे पुस्तकात वाचून येत नाही. आणि ती कोरी चकती? तिचे लॅकर बनवणारे जगात दोनच कारखाने उरले होते. त्यांतला एक, कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावचा अपोलो मास्टर्स. ६ फेब्रुवारी २०२० रोजी त्याला आग लागली. माणसे सगळी बचावली. कारखाना जळून गेला. त्या घटकेपासून साऱ्या जगातल्या कोरणाऱ्यांची नजर जपानमधल्या एमडीसी ह्या एका छोट्या कंपनीकडे लागली. तिच्याकडे आधीच्या गिऱ्हाइकांचीच मागणी पुरी करण्याइतका माल होता. काहींनी कपाटांत जपून ठेवलेल्या कोऱ्या चकत्या मोजायला घेतल्या. काहींनी तांब्याच्या पत्र्यावर थेट कोरण्याची, जर्मनीत १९८०च्या दशकाच्या आरंभी निघालेली रीत पुन्हा विचारात घेतली. त्या रीतीत लॅकर लागतच नाही. हिऱ्याची सुई सरळ तांब्यावरच चालते.